पाचशे बारा चौकोन

लोकांना चाळिशी उलटली की शुगर होते, बीपी होतो. आमच्या ह्यांना व्हिडिओ गेम झाला.

ह्यांचं नाव रविराज. सोनईत स्टँडच्या अलीकडे ह्यांचं रिपेरिंगचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, इन्व्हर्टर, विहिरीवरच्या मोटारीचे स्टार्टर, जे येईल ते. माणूस गुणी, हाताला यश. खोड एकच: कुणालाही 'नाही' म्हणता येत नाही. एक गिऱ्हाईक विचारतं, संध्याकाळपर्यंत मिक्सर मिळेल का? मिळेल की. दुसरं म्हणतं, त्याच्या आधी माझा द्या. देतो की. मग संध्याकाळी दोघंही दुकानाच्या पायरीवर उभे, आणि हे मागच्या गल्लीनं घरी.

तर ह्यांना नाद आहे जुन्या कॅसेटींचा. गाण्याच्या नव्हेत, व्हिडिओ गेमच्या. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचं एक खोकं मिळायचं बघा, वायरवाले दोन रिमोट असलेलं. त्यात वरून चौकोनी कॅसेट खुपसायची आणि चालली नाही की फुंकर मारायची. ज्या जपानी कंपनीनं ते मशीन काढलं, तिचा अस्सल माल आपल्या तालुक्यात कुणी बघितला? आपल्याकडं यायची ती नकलेची नक्कल. खोक्यावर कंपनीचं नाव नाही, कॅसेटला परवाना नाही. वर छापलेलं '९९९९९९ गेम', आत पाच, तेच पाच फिरून फिरून. वर फोटो एका गेमचा, नाव दुसऱ्याचं, आणि आत निघायचा तिसराच. आमच्या नात्यात दोन लग्नं अशीच जुळलीत, म्हणून मला त्याचं नवल नाही.

असल्या एकशे चाळीस बेवारशी कॅसेटी आमच्या घरात गव्हाच्या कोठीशेजारी रचून ठेवल्यात. हे एकेक उघडतात, आतली हिरवी पट्टी भिंगातून बघतात आणि हळहळतात. "अगं, तैवानमध्ये कुणीतरी बसून एवढा मोठा गेम केला, आणि बिचाऱ्याचं नाव नाही कुठं!" मी म्हणायची, "त्याच्या बायकोला विचारा, तिला बरं वाटत असेल. नाव कळलं असतं तर लोक घरी आले असते."

पुढं ह्यांना नगरला सावेडीत अनीश म्हणून एक जण भेटला. तोही ह्याच रोगाचा. त्याच्याकडून कळलं की आजही जगभर लोक त्या जुन्या मशीनसाठी घरी बसून नवे गेम करतात. विनापरवाना, विनामोबदला, विनाकारण. आणि वर्षातून एकदा नगरला एका हॉलमध्ये जमून एकमेकांना दाखवतात. झालं. ह्यांनी ठरवलं, आपणही करायचा.

गेमचं नाव 'ऊसगाडी'. बैलगाडीत ऊस भरून शेतातून साखर कारखान्याला न्यायचा. रस्त्यात खड्डे, समोरून दोन ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर, मागून पळत येऊन ऊस उपसणारी पोरं. वजनकाट्यावर पोचेपर्यंत गाडीत जितके ऊस टिकतील तितके मार्क. आधी शेत, मग डांबरी रस्ता, मग रेल्वे फाटक, शेवटी कारखान्याचं आवार. कल्पना चांगली होती, मी नाव ठेवणार नाही. नाव ठेवलं ते बैलाला.

"हे काय आहे?" मी स्क्रीनकडं बोट दाखवून विचारलं.

"बैल."

"मला वाटलं शेळी बसलीय."

हे दुखावले. मी म्हटलं, सरका. शाळेत असताना मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचचे मोर केलेत मी, पोपट केलेत, एक अख्खा ताजमहाल केलाय. चौकोन मोजायचे आणि रंग भरायचा, एवढंच तर ते काम. आणि ह्या गेममधलं चित्र म्हणजे तेच निघालं की! आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच असा एक चौकोन, त्यात तीनच रंग. मी संस्कृतीची, म्हणजे आमच्या नववीतल्या मुलीची, गणिताची चौकटीची वही ओढली आणि बैल काढला. बैलाला बैलपण शिंगांनी येतं आणि वशिंडानं. ह्यांनी ती दोन्ही सोडून शेपटी तेवढी झकास काढली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या जुन्या टीव्हीवर माझा बैल चालला. मान खाली, मग वर, पाय टाकत चार पावलं. मी ओढणी तोंडाशी धरून उभी राहिले. खोटं कशाला सांगू, संस्कृती पहिल्यांदा चालली तेव्हासुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता. तेव्हा ती पडेल म्हणून जीव मुठीत होता. बैल काही पडणार नव्हता.

त्यानंतर तीन महिने गेममधलं एकेक चित्र मी काढलं. ऊस, चाक, ट्रॅक्टर, फाटक, धुराडं, ऊस ओढणारी पोरं. त्या पोरांतलं एक गुडघ्यावर पडून पुन्हा उठतं, तेही मीच सुचवलं. हे ती चित्रं कॉम्प्युटरमध्ये भरायचे आणि हलवायचे.

फक्त एक अडचण होती. कॅसेटमधल्या चिपेत चित्रांना जागा किती, तर पाचशे बारा चौकोन. बैल, रस्ता, झाड, अक्षर, आकडा, जे काही पडद्यावर दिसेल ते ह्या पाचशे बारांतच बसवायचं. तोच चौकोन शंभर वेळा वापरला तरी चालतो, पण पाचशे तेरावा मागितला तर मिळत नाही. चिप काही आमच्या ह्यांच्यासारखी नाही. तिला 'नाही' म्हणता येतं.

गेम बसला चारशे नव्वदमध्ये. आम्ही खूश. आणि खुशीच्या भरात ह्यांनी तो तात्यांना दाखवला. इथंच चुकलं.

बन्सीतात्या म्हणजे माझे सासरे. सोसायटीचे माजी चेअरमन. पंचक्रोशीत कुठलीही लग्नपत्रिका तात्यांनी पास केल्याशिवाय छापायला जात नाही, कारण मानापानाचा क्रम त्यांना तोंडपाठ. कोण कुणाच्या आधी, कुणाला 'प्रमुख उपस्थिती', कुणाला 'शुभाशीर्वाद', आणि कुणाचं नाव राहिलं तर कुठली लेक माहेरी यायची बंद होईल, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

तात्यांनी गेम बघितला. "हे सरकारमान्य हाय का?"

"नाही तात्या. हे असले गेम परवान्याशिवायच असतात. कंपनीनं ह्या मशीनला परवाना देणं कधीच बंद केलंय."

"मंजी इनापरवाना." तात्या गंभीर झाले. "एक अर्ज टाकून ठिव जपानला. पोच घे. उद्या कुनी इचारलं तर कागद असावा."

"टाकतो," हे म्हणाले. ह्यांना दुसरं येतंच काय?

"आनि नावं कुठं हायत?"

"कसली नावं?"

"आपल्या मानसांची! घरातलं येवढं मोठं कार्य, नगरला चार लोकात लागनार, आनि भावकीचं नाव न्हाई? लोक तोंडात श्यान घालतील."

झालं. गेम सुरू व्हायच्या आधी एक पान आलं. वर गणपती, नऊ चौकोन. त्याखाली 'कुलस्वामिनी प्रसन्न'. त्याखाली नावं. तात्यांनी बसून यादी केली आणि ती सत्तावीसवर थांबली. पंधरा नावं सुटी, म्हणजे वडीलधारे बापे, आणि बारा जोडपी. मराठी अक्षराला वेलांटी-उकार धरून दोन चौकोनांची उंची लागते, त्यामुळं एकेक नाव आठ-दहा चौकोन खायला लागलं. मोकळे होते बावीस. मग गेममधून काढायला सुरुवात झाली.

आधी बाभळी गेल्या. मग विहीर गेली. मग रस्त्यावरचे खड्डे गेले. साखर कारखान्याचा रस्ता बिनखड्ड्यांचा झाला, तो आमच्या गेममध्ये पहिल्यांदा. तात्यांच्या साडूंच्या नावात मोठं जोडाक्षर निघालं, त्यात रेल्वे गेली, आणि रेल्वेच नाही तर फाटक कशाला म्हणून तेही गेलं. आठवडाभर डोळे फोडून काढलेलं फाटक! मला तेव्हापासून छगनदादा फार आवडायला लागले. राहुरीचे आमचे थोरले चुलतदीर. छगन. काना नाही, मात्रा नाही, गुपचूप बसणारं नाव.

जोडप्यांचं मात्र सोपं होतं. 'सौ. व श्री.' एकदाच काढायचं आणि बारा ठिकाणी चिकटवायचं. पुढं नवऱ्याचं नाव. हे म्हणाले, "बघ, केवढी जागा वाचली." मीही म्हटलं, हो की.

हे सगळं मीच काढत होते बरं का. सत्तावीस नावं, एकेक चौकोन भरून. आणि खरं सांगायचं तर सगळा वेळ मी एकाच गोष्टीची वाट बघत होते. कधीतरी हे म्हणतील, आता तुझं काढ.

मला माझं नाव त्या पडद्यावर हवं होतं. कुणाला हे खुळचट वाटेल, वाटो. घरात मी केलेलं सगळं खाऊन, नेसून, पुसून संपतं. हे पहिलंच असं होतं जे संपणार नव्हतं. पण तोंडानं मागणार नव्हते. मागून मिळतो तो कसला मान? ज्याच्या-त्याच्या लक्षात आलं पाहिजे. मी आपली आडून आडून सुचवत होते.

"हात भरून आला हो सत्तावीस नावं काढून," मी म्हणायची.

"बाम लावू?"

"ही चित्रं कुणी काढलीत, लोकांना कळणार कसं?"

"कळेल की. बैल बैलासारखाच दिसतोय आता."

आता ह्यावर काय बोलायचं? भिंतीवर डोकं आपटलं तर भिंत तरी पडेल.

ह्यात भर पडली सुकन्याआत्यांची. आत्या म्हणजे तात्यांची धाकटी बहीण, दिलीय बेलापूरला. नात्यात बातमी पसरल्यावर त्यांचा फोन आला. "रव्या, तुज्या गेममधी समद्यांची नावं हायत म्हनं."

"आहेत की आत्या. तुमचं तर दुसऱ्या ओळीत."

"माजं न्हाई," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तात्यांनी ओळखलं की क्रम चुकला. बहिणीचा मान, दुसऱ्या ओळीत कसा? 'सौ. व श्री. राधाकृष्ण' उचलून पहिल्या ओळीत नेलं. ह्यांनी परत फोन केला, आत्या, आता पहिल्या ओळीत. "न्हाई," एवढंच म्हणाल्या. तात्यांनी 'श्री.'चं 'श्रीमान' करून बघितलं. तरी न्हाई. त्या 'मान'मध्ये एका पोराचं गुडघ्यावर पडणं गेलं ते गेलंच.

शुक्रवारी अनीशकडे चिपा भरायच्या होत्या, वीस कॅसेटींच्या. एकदा भरलेली चिप पुसता येत नाही, तिच्यात जे गेलं ते कायमचं. आणि रविवारी हॉलमध्ये कार्यक्रम. गुरुवारी दुपारी आत्या स्वतःच एसटीनं आल्या, पिशवीभर पेरू घेऊन. पेरू माझ्या हातात दिले, पाणी प्यायल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. कुणाशी अवाक्षर नाही. तात्या खुर्चीत. हे टीव्हीसमोर मांडी घालून शेवटचा हात फिरवत होते.

आणि एकदम म्हणाले, "निकिता, आठ चौकोन उरलेत बघ. एक नाव बरोबर बसतंय. वही घे."

मी वही घेतली. पेन्सिलीला टोक होतं तरी परत केलं. "हं. सांगा."

"राम."

"कोण राम?"

"छगनदादाचा नवीन जावई गं. तात्यांना काल आठवलं. जावईमाणूस, राहिला म्हणजे..."

मी वही मिटली. तीन आठवडे आवळून धरलेलं सगळं त्या रामच्या नावानं बाहेर पडलं.

"जावई गेला उडत. माझं नाव कुठाय?"

"तुझं?" हे खरोखर चकित झाले. "तुझं कशाला? अगं, पत्रिकेत मानकऱ्यांच्या यादीत घरचं नाव घालतात का? आपण कार्यमालक. माझं तरी कुठाय?"

मी उठून पडदा बघितला. सत्तावीस नावं वरून खाली, परत खालून वर. खरंच रविराज कुठं नव्हतं. एवढा गेम केला ह्या माणसानं आणि स्वतःचं नाव घालायला विसरला. विसरला पण नाही, त्याच्या डोक्यातच आलं नाही. लबाड नाही हो, पण शुद्ध बावळट.

"तुमचं नाही तो तुमचा बावळटपणा," मी म्हटलं. "तो तैवानचा माणूस, कोण कुठला, त्याचं नाव नाही म्हणून गेली पंधरा वर्षं रडताय. आणि घरात बसून जिनं तीन महिने डोळे फोडले, तिला बाम लावू म्हणता? बैल माझे. गाडी माझी. तात्यांच्या त्या साडूंचं जोडाक्षरसुद्धा माझं. मला वाईट वाटलंय, रविराज. फार वाईट वाटलंय."

मी तोंडावर त्यांना नावानं हाक मारली, उखाणा नसताना, तात्यांसमोर. आमच्या घरात हे पहिल्यांदा झालं. तात्या खाकरले. "पोरी, घरातल्या घरात कसला आलाय मान..."

"तू गप रं दादा," भिंतीकडून आवाज आला. आत्या उठून टीव्हीजवळ आल्या, चष्मा लावला. "दाखव रं तुजी पत्रिका. माजं नाव कुठंय म्हनलास?"

ह्यांनी बोट दाखवलं. आत्यांनी मोठ्यानं वाचलं. "सौ. व श्रीमान राधाकृष्ण. हं. ह्यात मी कुठं?"

"सौ. मंजी तूच की," तात्या म्हणाले.

आत्यांनी बोटानं एकेक ओळ मोजली. "बारा ठिकानी हाय ती. बाराबी ठिकानी मीच का?"

मी तर मनातून पार ओशाळले. कारण ते 'सौ.' मीच काढलं होतं. एकदाच काढून बारा घरच्या बायका त्यात कोंबल्या होत्या, आणि जागा वाचली म्हणून खूशही झाले होते.

"माजं नाव सुकन्या हाय," आत्या म्हणाल्या. "लग्नात हुतं ते. मंग पन्नास वरीस कुठं छापलं न्हाई. म्हनलं, भाच्याच्या गेममधी तरी येईल."

ह्यांनी एकदा आत्यांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. कान लाल झाले होते. मग तात्यांकडं वळले. "तात्या, जोडप्यांतली पुरुषांची नावं काढतो. बायकांची घालतो."

"आरं, मंग दोनी ठिव. आमी काय घोडं मारलंय?"

"नाही तात्या," हे म्हणाले. "दोन्ही मावत नाहीत."

सतरा वर्षांत ह्या माणसाच्या तोंडून मी 'नाही' ऐकलं ते असं. आवाज जरा कापरा निघाला, पण निघाला.

पुढची गंमत ऐका. बारा बायकांची नावं घालायची ठरलं, पण नावं माहीत कुणाला होती? ज्या तात्यांना पंचक्रोशीचा क्रम तोंडपाठ, त्यांना सुकन्या सोडून एक नाव येईना. 'छगनची मंडळी', 'वांबोरीवाली', 'मोठ्या साडूची ती, दमा असलेली.' मलाही चारच माहीत. एरवी आम्ही सगळ्याजणी वहिनी, काकू, मामी. मग हे फोन घेऊन बसले.

पहिला छगनदादांना. "दादा, वहिनींचं नाव काय?"

पलीकडं दादांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग, "का रे? बँकेतून कुनी आलंय का?"

शेवटी वहिनीच फोनवर आल्या. "भाऊजी, ओटीपी आला तर सांगायचा न्हाई म्हनलेत बचत गटात."

"ओटीपी नको वहिनी. नुसतं नाव सांगा. गेममध्ये घालायचंय."

"माजं?" त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "नीलांबरी."

तात्या खुर्चीतून पुढं झुकले. "कोन?"

नीलांबरी! तीस वर्षं चार म्हशींच्या धारा काढणारी आमची राहुरीची वहिनी नीलांबरी निघाली. शाळेत घालताना गुरुजींनी ठेवलेलं नाव म्हणे. आत्या टाळी वाजवून हसल्या. "बाई बाई बाई, राजाची रानी हाय की ही!" चौदा चौकोन लागले. सुखानं दिले.

मग एकेक फोन. कुणी लाजलं, कुणी आधी नवऱ्याला विचारते म्हणाली, एकीनं आधार कार्ड बघून सांगितलं. वांबोरीच्या काकूंनी मात्र विचारलं, "सासरचं सांगू का म्हायेरचं?"

हे गडबडले. आमच्याकडं लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो. लोक पेढे खातात, तांदूळ पिशवीत जातात आणि जुनं नाव कुठं जातं ते कुणी विचारत नाही. माझंही तसंच झालं. मी मुक्ता. आजीचं नाव. ह्यांना ते जुनाट वाटलं, म्हणून तांदळात निकिता लिहिलं. कॉलेजात निकिता नावाची कुणी होती का, ह्याचा तपास मी अजून सोडलेला नाही.

"तुम्हाला जे आवडेल ते," हे काकूंना म्हणाले. काकूंनी माहेरचं सांगितलं.

पुरुषांची नावं गेल्यावर जागा उरायला लागली. एकटे 'श्रीमान राधाकृष्ण' गेले तर सुकन्या बसून वर अर्धी बाभूळ आली. रामच्या जागी छगनदादांच्या लेकीचं नाव घातलं. जावई रुसला तर ती बघून घेईल. तेवढ्यात तात्या म्हणाले, "पयल्या ओळीतलं माजंबी काढ."

"तात्या, तुमचं राहू दे. तुमचं सुटं आहे."

"काढ म्हनतो ना. गयाबाई घाल."

गयाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. जाऊन नऊ वर्षं झाली. तात्यांच्या तोंडून हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. त्या असताना 'अगं ए' असायचं आणि नंतर काहीच नाही. मी नाव काढलं आणि विचारलं, "आधी कै. लावू का?"

"नको," तात्या खिडकीकडं बघत म्हणाले. "जागा लागती."

साडेपाचपर्यंत सगळी नावं झाली. ह्यांनी पडद्यावर तळाला 'सर्व चित्रे' एवढंच घालून पुढची जागा मोकळी सोडली आणि माझ्याकडं वळून बसले. मघापासून प्रत्येकीला विचारत होते तसंच, अगदी अदबीनं विचारलं, "आणि आपलं नाव काय?"

थट्टा होती, पण नुसती थट्टा नव्हती. चेहरा पडलेला होता बिचाऱ्याचा.

आणि बघा माझी तऱ्हा. तीन आठवडे ज्या एका प्रश्नाची वाट बघितली तो समोर आला, आणि मला उत्तर येईना. निकिताविषयी माझी काही तक्रार नाही. आधार कार्डावर तीच आहे, संस्कृतीच्या शाळेत तीच आहे, सतरा वर्षं तिनं संसार केलाय. पण मॅटीच्या कापडावर चौकोन मोजायला शिकली ती काही निकिता नव्हती.

मी वही ओढली आणि न बोलता सहा चौकोन भरले. ह्यांनी ते बघितले, माझ्याकडं बघितलं, आणि एक शब्द न विचारता कॉम्प्युटरमध्ये घातले. टीव्हीवर अक्षरं उमटली: 'सर्व चित्रे, मुक्ता.'

तात्यांनी चष्मा पुसून लावला. "ही कोन मुक्ता?"

हे उठून उभे राहिले. एखाद्या पाहुण्याची ओळख करून देतात तसा हात माझ्याकडं केला. "तात्या, ही. गेममधलं सगळं हिनं काढलंय."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, जणू मी आत्ताच बेलापूरच्या एसटीनं आलेय. मग टीव्हीकडं बघितलं. तिथं जोडी गाडीला जुंपून उभी होती, डावा बैल मान हलवत होता.

"बैल लई जिवंत काढलेस गं, मुक्ता," ते म्हणाले.

"माहितेय मला," मी म्हटलं, आणि मग मला रडू आलं.